कॉम्प्युटर बदलूनही गाडी बंद

“इंजिनाचा कॉम्प्युटर बदलला, तरी गाडी बंद पडतेय,” असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कधी? चावी फिरवल्यावर दोन सेकंदांत, सिग्नलला अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर, की अर्धा तास चालून इंजिन तापल्यावर? तिन्ही वेळा माणूस घरी येऊन ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगतो. पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि त्यातली दोन आमच्या गाडीने आम्हाला पाठोपाठ दाखवली.

गाडी २०१० सालची. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली साधी पेट्रोल हॅचबॅक. त्या वर्षीच्या एप्रिलपासून देशातल्या तेरा शहरांत धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ निकष लागू झाले, त्यात पुणं होतं, म्हणून हिच्यावर बीएस-४ चा शिक्का आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, मात्र जुन्या पद्धतीचा, केबलचा. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं भरत आलेली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं, पर्यावरण कर भरून आणि गाडी दाखवून. त्याच्या कागदांत पीयूसी लागतं. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि गाडी आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसती चालू, ठेवायला सांगतो. आमची गाडी नेमकी आयडलिंगलाच उभी राहत नव्हती. नवरा म्हणाला, “भंगारात देऊ.” सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा झाला नाही. गाडी ठेवायची, हे तिथेच ठरलं.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आहे. इंजिनातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण मल्टिमीटर हातात धरून विद्यार्थ्यांवर ओरडण्यात अर्धी नोकरी गेलीय, त्यामुळे ‘बदलून बघू’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

सुरुवात अशी झाली. सिंहगड रोडच्या सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा आपोआप वर-खाली व्हायला लागला. मग चेक इंजिनचा दिवा लागला. मग एकदा राजाराम पुलाच्या सिग्नलला गाडी बंदच पडली, आणि मागच्या पीएमपीच्या ड्रायव्हरने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी-०५०५ असा कोड आला, म्हणजे आयडल कंट्रोलमध्ये गडबड. दुसरा कोड कॉम्प्युटरच्या आतल्या बिघाडाचा. गॅरेजवाल्यांनी दुसरा कोड वाचला, पहिला सोडून दिला आणि निदान केलं: ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला.

निदान चुकीचं नव्हतं, हे आधीच सांगते. ईसीयू खरोखर गेला होता. तो कशाने गेला, एवढंच कोणी विचारलं नाही.

नव्या कॉम्प्युटरचा भाव ऐकून नवऱ्याने ‘बरं, कळवतो’ म्हणून फोन ठेवला. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदाराने जुन्या गाड्या तोडणाऱ्या माणसाचा नंबर दिला आणि त्याच्याकडे आमच्या मॉडेलचा ईसीयू निघाला. इथे मी हट्टाने दोन्ही कॉम्प्युटरांची लेबलं शेजारी धरून शेवटच्या अक्षरापर्यंत पार्ट नंबर ताडून पाहिला. एकाच मॉडेलमध्ये एसीवाल्या आणि बिनएसीच्या गाडीचा, बीएस-३ चा आणि बीएस-४ चा कॉम्प्युटर वेगळा असू शकतो. कपलर, म्हणजे वायरींचा जोड, मात्र बऱ्याचदा तोच बसतो, आणि कपलर बसला की लोकांना वाटतं जुळलं.

बॅटरीची निगेटिव्ह काढून आमच्या मिस्त्रींनी ईसीयू बसवला. सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली, मिस्त्री हसले, आणि गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा दोन सेकंदांत बंद. दर वेळी तेवढंच अंतर.

हे पहिलं दुखणं, आणि त्यातल्या त्यात सोपं. ठरावीक दोन सेकंदांनी बंद पडणारी गाडी बहुतेक वेळा इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, बंद केलेली असते. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. तो कोड ओळखीचा नसेल तर कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. काही गाड्या सेल्फच घेत नाहीत, काही आमच्यासारख्या क्षणभर चालून थांबतात. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे गाडी कारण स्वतःच सांगत होती. तरी मिस्त्री पेट्रोलच्या पंपाकडे वळले होते. मी म्हटलं, “दादा, आधी दिवा बघा.”

विकत आणलेल्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्याच कोणाच्या चावीचा कोड होता. चाव्या आणि ईसीयूचं काम करणाऱ्या एका मुलाकडे दोन्ही कॉम्प्युटर घेऊन गेलो. तो सहज म्हणाला, “मॅडम, इम्मो ऑफ करून देतो, कटकटच नको.” म्हणजे ही तपासणीच काढून टाकायची, मग वायर जोडून कोणीही गाडी न्यावी. मी नको म्हटलं. मग त्याने दुसरा, सरळ मार्ग घेतला. आमच्या मूळ बोर्डावर आठ पायांची एक मेमरी चिप होती, तिच्यातला डेटा वाचून घेतला आणि तोच आणलेल्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये लिहिला. लिहिण्याआधी त्या कॉम्प्युटरचा मूळ डेटाही फाइल करून ठेवला, हे मला फार आवडलं. आमचा ईसीयू मेला होता तो एका ठिकाणी, त्याची मेमरी शाबूत होती, म्हणून हे जमलं. काही गाड्यांत असं चालत नाही, कंपनीच्या स्कॅनरवरूनच चावी आणि ईसीयू एकमेकांना ओळखवून द्यावे लागतात. ते काम ज्याला येतं त्याच्याकडेच जावं.

गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. आम्ही धायरी फाट्यापर्यंत चक्कर मारली, मिस्त्रींना पैसे दिले. संध्याकाळी वडगावच्या पुलाखाली सिग्नलला पाय उचलला आणि गाडी बंद.

आता हे दुसरं दुखणं. सेल्फ मारला की लगेच सुरू होणार, रेस देत राहिलं तर चालणार, पाय काढला की आरपीएम ८०० वरून ६००, ५००, आणि गेली. एसी लावला तर आणखी लवकर.

मिस्त्रींचं म्हणणं, नवा कॉम्प्युटर आहे, त्याला शिकायला वेळ द्या. यात तथ्य आहे. थ्रॉटल बॉडीमध्ये वर्षानुवर्षं काजळी साचते, हवेची वाट अरुंद होते, आणि जुना कॉम्प्युटर ते हळूहळू सांभाळून घेत असतो. नवा येतो तो कोऱ्या पाटीने, आणि आत काजळी तशीच. म्हणून थ्रॉटल बॉडी उतरवून साफ केली. बटरफ्लायच्या, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या गोल पाकळीच्या, कडेने नखाएवढं काळं कडं निघालं. स्प्रे, जुना टूथब्रश, अर्धा तास. फरक पडला, पण सिग्नल लांबला की तेच.

मग सल्ल्यांची रांग लागली. एकाने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळून स्लो, म्हणजे आयडलिंगचा वेग, वाढवायला सांगितला. हा इलाज पुण्यात घरोघरी सांगितला जातो, आणि मला तो अजिबात मान्य नाही. स्क्रू पिळला की बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही, थ्रॉटल सेन्सर ‘पाय अजून अॅक्सिलरेटरवर आहे’ असं सांगत राहू शकतो, आणि मग कॉम्प्युटर आयडलिंग सांभाळायला येतच नाही. दुसऱ्याने सांगितलं, भंगारातला कॉम्प्युटर खराबच निघाला, तिसरा आणा. ज्या गावात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था गाड्या तपासतेय, पिंपरी-चाकणला गाड्या तयार होतात, त्या गावात बिघाड शोधायची सर्वमान्य पद्धत म्हणजे वस्तू बदलत जाणं आणि बिल गिऱ्हाइकाने भरणं.

चिरंजीवांचा गाडीतले आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा डोंगल होता, तो लावून पाहिला. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने बिघाड स्वतः नोंदवून सांगायची ठरावीक पद्धत, सक्तीची झाली २०१३ च्या एप्रिलपासून, त्यामुळे आमच्या गाडीने त्याच्याशी जेमतेम संभाषण केलं: आरपीएम, इंजिनचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज. पण तेवढ्यातही एक गोष्ट मिळाली. गाडी मरताना आरपीएमचा आकडा कसा पडतो ते नीट पाहायचं. इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर दगा देत असेल तर इंजिन फिरत असतानाच स्क्रीनवरचा आकडा एकदम शून्य होतो. मेन रिले (कॉम्प्युटरला वीज देणारा स्विच) किंवा इग्निशनचा पुरवठा तुटला तर इंजिन न खोकता एका क्षणात गप्प होतं. आमचा आकडा पायरी-पायरीने उतरत होता, शेवटी इंजिन थरथरत होतं. सेन्सर शाबूत होता, वीजही मिळत होती. इंजिन हवेवाचून गुदमरत होतं.

अर्थिंग तरीही तपासलं, कारण कॉम्प्युटर बदलताना अर्थच्या वायरी हलतात आणि कोणीतरी एक बोल्ट हातानेच फिरवून सोडून देतो. हे ओहमवर मोजून कळत नाही. शंभरातली एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो. गाडी चालू ठेवायची, दिवे आणि ब्लोअर लावायचे, मीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनला. ०.१ व्होल्टच्या आत हवा. आमचा ०.०४ आला. चार्जिंग १३.८ व्होल्ट. इथे काही नव्हतं.

आता खरी शंका स्टेपर मोटरवर. केबलच्या थ्रॉटलमध्ये पाय काढला की बटरफ्लाय मिटतो, मग इंजिनाला जगण्यापुरती हवा एका बाजूच्या वाटेने जाते. त्या वाटेत एक सुळकी पुढे-मागे करणारी छोटी मोटर असते, मिस्त्री तिला आयएसी किंवा नुसतं स्टेपर म्हणतात. तिला आपण कुठे आहोत हे सांगणारा सेन्सर नसतो. कॉम्प्युटर तिला आधी पूर्ण बंद करतो, त्याला शून्य धरतो, आणि तिथून एक-एक पाऊल मोजत उघडतो, अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरावं तसं. म्हणून बॅटरी काढून लावल्यावर चावी ऑन करून काही सेकंद थांबावं, मग बंद करून पुन्हा थोडं थांबावं, असं सांगतात. त्या वेळात ही मोजणी होते.

मिस्त्रींच्या स्कॅनरवर स्टेपरची पावलं दिसत होती. एसी लावला. आरपीएम उतरायला लागला तसं कॉम्प्युटर म्हणत होता ४५, ६०, ८०, शंभराच्या वर. म्हणजे तो जिवाच्या आकांताने हवा मागत होता. आरपीएम मात्र खालीच. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, हा तर सांगतोय सगळं बरोबर.” कॉम्प्युटर खराब, हा विषय तिथे संपला.

त्या रात्री मी मूळ कॉम्प्युटर घरी उघडला. चार स्क्रू, झाकणाच्या कडेने चिवट सिलिकॉन, बोर्डावर लाखेसारखा पारदर्शक थर. भिंगाच्या दिव्याखाली धरला. कपलरच्या जवळच्या एका काळ्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता आणि त्याच्याभोवती तो पारदर्शक थर चहासारखा तपकिरी झाला होता. नाकाजवळ नेला तर जळकट वास अजून येत होता. त्या आयसीच्या पायापासून बोर्डाच्या पिनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी गाडीत त्या पिनच्या वायरपासून पुढे, जोड सलग असला की वाजणारा मीटरचा बीप लावत गेले. वायरिंगच्या आरेखनाची गरजच पडली नाही, वायरी सरळ स्टेपरच्या कपलरला पोहोचल्या.

मग स्टेपरचं कपलर काढून मोटर मोजली. चार पिना, दोन गुंडाळ्या. दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा यायला हवा. एक आली ५२ ओहम. दुसरी ९.

लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना ओहमचा नियम शिकवताना त्यांचे चेहरे मला माहीत आहेत, पण इथे त्याच्याशिवाय दुसरं काही लागत नाही. १३.८ व्होल्टला ५२ ओहममधून जाणार साधारण पाव अँपिअर. ९ ओहममधून दीड अँपिअर. सहापट. आत गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले होते आणि त्या वाढलेल्या करंटने मूळ कॉम्प्युटरमधला, ही मोटर चालवणारा ड्रायव्हर आयसी भाजून काढला होता. मग आम्ही काय केलं? तीच मोटर तशीच ठेवून तिला दुसरा कॉम्प्युटर जोडला. तिसरा आणला असता तर तोही तिच्याच तोंडी गेला असता.

दुसरा वाचला कसा, याचं उत्तर बहुधा त्याच जातीच्या आयसीमध्ये आहे. अशा बऱ्याच ड्रायव्हर चिप जास्त तापल्या की स्वतःच काम थांबवतात आणि गार झाल्यावर परत सुरू होतात. गाडी सकाळी बरी आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वाईट का वागायची, तेही यात बसतं. पण ही सोय रोजच्या वापरासाठी नसते. कळल्याबरोबर कपलर काढून ठेवलं आणि नवी मोटर येईपर्यंत गाडी हलवली नाही. मोटर दोन स्क्रूंवर बसते. कॉम्प्युटर, डेटा, मजुरी या सगळ्याच्या पुढे तिची किंमत किरकोळ होती, ती ऐकून नवरा बराच वेळ गप्प होता.

नवी मोटरही बसवण्याआधी मोजली: ५३ आणि ५३. सुळकी बसते ती जागा पुसली, ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं, मोटर बसवली, बॅटरी जोडली, चावी ऑन करून थांबलो. आतून बारीक करकर ऐकू आली, मोजणीची. गाडी सुरू केली, १२०० वर गेली, तापत गेली तशी उतरली आणि ८०० च्या आसपास बसली. एसी लावला, किंचित दबली आणि सावरली. मिस्त्रींनी मुद्दाम हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम लावलं आणि स्टिअरिंग पूर्ण पिळलं. चालूच.

कॉम्प्युटर बसवण्याआधी आता मिस्त्री स्वतः मोजतात: स्टेपर, इंजेक्टर, इग्निशन कॉइल, कॉम्प्युटरमधून चालणाऱ्या रिलेच्या गुंडाळ्या. दहा-पंधरा मिनिटं लागतात. आकडे त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडायचे, आणि मॅन्युअल नसेल तर निदान जोडीतली वस्तू जोडीशी. चार इंजेक्टरांपैकी एकच वेगळा आला तर तो बोलतोय असं समजायचं. तिसऱ्या दुखण्याची, म्हणजे तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीची, पाळी आमच्यावर आली नाही. तिथे मी क्रँक सेन्सरपासून सुरुवात केली असती.

पीयूसी झालं. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आमची दोन्हीत आरामात बसली. मग २५०० आरपीएमवरची दुसरी तपासणी, तीही पास. पीयूसीवाल्याला यात काही विशेष वाटलं नाही, त्याने पावती फाडली आणि पुढच्या रिक्षाला हात केला. संगम पुलाजवळच्या आरटीओचं काम आता बाकी आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मूळ कॉम्प्युटर मिस्त्रींनी मागितला होता, आयसी बदलून दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावता येईल म्हणून. तो मी दिला नाही. त्याच्या मेमरीत आमच्या चावीचा कोड आहे, आणि तो वाचायला काय लागतं ते मी त्या दुकानात उभं राहून पाहिलंय. आयसी मात्र मागवली आहे. सुट्टी लागली की बदलेन.